दादा कामाला जातो

ऑगस्ट २०२४ मध्ये बाबा गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता आईने विचारलं, "माझ्यानंतर ह्याचं कोण बघणार गं?" दादा समोरच पाटावर बसला होता. तो बोलतो कमी, पण ऐकतो सगळं. तो उठून आत गेला आणि पांघरूण घेऊन झोपला. तेव्हा सात वाजले होते.

दादा ४१ वर्षांचा आहे, मी त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटी. त्याला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच बुद्धीची वाढ मंद. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली आणि त्यानंतरची तेवीस वर्षं तो घरीच होता. हे लिहिताना आजही मला वाईट वाटतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. ते सकाळी निघाले की दादा दारात उभा राहून विचारायचा, "कामाला?" बाबा म्हणायचे, "कामाला." मग तो दार लावून घ्यायचा. बाबा निवृत्त झाल्यावरही कित्येक महिने तो साडेनऊला त्यांच्या चपला दारात आणून ठेवायचा.

गेल्या वर्षभरात आम्ही तीन गोष्टी केल्या: दादाचं नवं दिव्यांगत्व प्रमाणपत्र, त्याचं कायदेशीर पालकत्व, आणि कोल्हापुरातल्याच एका छोट्या कला-कार्यशाळेत त्याचं रोजचं जाणं. पहिल्या दोन गोष्टींची माहिती मिळवताना मी फार भटकले. तिसरी तर अशी काही असते हेच मला ठाऊक नव्हतं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर यातलं काहीतरी उपयोगी पडेल म्हणून सगळं तारीखवार लिहितेय.

जानेवारी २०२५. बाबांच्या कपाटात दादाचं जुनं प्रमाणपत्र मिळालं, २००४ सालचं, हाताने लिहिलेलं, लॅमिनेट केलेलं. बँकेत ते दाखवलं तर नवं आणा म्हणाले. आता सगळीकडे यूडीआयडी, म्हणजे स्वावलंबन कार्ड लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, आणि सरकारी सवलतींसाठी निदान ४० टक्के लागतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यातच रुग्णालय निवडायचं. फी नाही. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सही किंवा अंगठा एवढंच लागलं. माझी एक चूक तुम्ही करू नका. दादाच्या शाळेच्या दाखल्यात बाबांचं नाव एक प्रकारे आणि आधारवर दुसऱ्या प्रकारे होतं. मी दाखल्याप्रमाणे भरलं. अर्ज परत आला, आधी आधार दुरुस्त करा म्हणून. त्यात सव्वीस दिवस गेले. कुठलाही अर्ज भरण्याआधी सगळे कागद एका ओळीत मांडा आणि नावाचं प्रत्येक अक्षर जुळतंय का ते बघा.

२० फेब्रुवारीला रुग्णालयात बोलावलं. नऊ वाजता गेलो, दीड वाजता कळलं की मानसशास्त्रज्ञ रजेवर आहेत. दादाला भूक लागली की तो गप्प होतो आणि हाताची नखं कुरतडतो. मी डबा नेला नव्हता. त्या बाकावर बसून बिस्किटाचा पुडा शोधत असताना शेजारच्या बाईंनी आपल्या डब्यातली भाकरी आणि झुणका पुढे केला. त्यांचा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा, व्हीलचेअरवर. त्याच्या बोटांना निळा रंग लागला होता. मी सहज विचारलं तर म्हणाल्या, "चित्रं काढतोय की. मंगळवार पेठेत जातोय रोज." रुग्णालयाचं काम त्या दिवशी झालं नाही, पण तो पत्ता मिळाला.

दुसरी तारीख ६ मार्च. या वेळी आदल्या दिवशी फोन करून डॉक्टर आहेत ना हे विचारून घेतलं. बौद्धिक दिव्यांगत्वात बुद्ध्यांकाच्या चाचणीबरोबर एक प्रश्नावली असते, सामाजिक परिपक्वतेची. तिचं आपल्याकडचं रूप नागपुरात तयार झालं, त्यामुळे प्रश्न आपल्या घरातलेच वाटतात. स्वतः आंघोळ करतो का? शर्टाची बटणं लावतो का? एकटा रस्ता ओलांडतो का? दुकानातून सामान आणून उरलेले पैसे मोजून घेतो का? आई उत्तरं देत होती आणि दादा शेजारी बसून ऐकत होता. "नाही. नाही. तेवढं नाही जमत." दहाव्या-बाराव्या 'नाही'ला त्याने मान खाली घातली. मी त्याला बाहेर घेऊन गेले. ही गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. पालकांशी बोलणं चालू असताना त्याच्याबरोबर बाहेर बसायला कुणीतरी तिसरं माणूस न्या आणि डॉक्टरांना तशी विनंती करा. आमच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर दादाला वेगळं बोलावलं आणि दहा मिनिटं त्याच्याशी नीट बोलल्या.

प्रमाणपत्र एप्रिलच्या मध्यावर ऑनलाइन आलं. ७५ टक्के, कायमस्वरूपी. 'तात्पुरतं' नाही ना हे जरूर तपासा, नाहीतर काही वर्षांनी हे सगळं पुन्हा करावं लागतं. पिवळं कार्ड जूनमध्ये टपालाने आलं. ४० ते ८० टक्क्यांच्या मधल्यांना पिवळं आणि त्यावरच्यांना निळं, असा रंगांचा हिशोब आहे. त्या कार्डावर एसटीत दादाला ७५ टक्के सवलत मिळते. ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबतच्या माणसाचंही अर्धं तिकीट लागतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्याचा अर्जही आम्ही तेव्हाच केला. ५०० रुपये भरले, वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, आणि आधी कुठलीही वैद्यकीय तपासणी नाही. डाऊन सिंड्रोम म्हटल्यावर खासगी विमावाल्यांनी आम्हाला दोनदा दारातूनच परत पाठवलं होतं, त्यामुळे याचा मोठा आधार वाटला.

आता कार्यशाळेबद्दल.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं बघायला गेलो. जुनं कौलारू घर, चौक, चौकाच्या कडेने पडवी. उंबरा काढून तिथे उतार केलेला. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या एक विद्यार्थिनी मिळून ते चालवतात. सगळे त्यांना सर आणि ताई म्हणतात. तिथे येणारे अकरा जण होते. एक कर्णबधिर मुलगी लाकडी ठशांनी कापडावर छापत होती. पक्षाघातानंतर उजवा हात गेलेले एक काका डाव्या हाताने रंकाळ्याची चित्रं काढत होते. बोटांना निळा रंग लागलेला तो मुलगा पुठ्ठ्याच्या नळीत खोचलेल्या ब्रशाने रंगवत होता, कारण बारीक दांडा त्याच्या मुठीत राहत नाही. बापट कॅम्पातले एक कुंभारमामा आठवड्यातून दोनदा माती घेऊन यायचे.

आईने ताईंना विचारलं, "ह्याला काय शिकवाल?" ताई म्हणाल्या, "आधी त्याला इथं बसू द्या." फी महिना १,५०० रुपये, सामानाचे वेगळे ३०० रुपये. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घेत नाहीत. विक्रीतला अर्धा वाटा करणाऱ्याचा, अर्धा सामान आणि भट्टीचा. एकच अट होती. घरच्यांनी आत बसायचं नाही आणि कुणाचाही हात धरून काही करून घ्यायचं नाही.

१७ मार्चपासून दादा जायला लागला. आम्ही फुलेवाडीला राहतो. रिक्षाला एका वेळचे ऐंशी-नव्वद रुपये व्हायचे. पहिला महिना मी ऑफिसला जाताना सोडायचे, नंतर केएमटीची बस बसवली. दहा ते तीन.

आणि तो काहीच करेना. खिडकीखालच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसायचा. एक वाजता डबा खायचा, धुवायचा, पुन्हा बसायचा. मार्च गेला, एप्रिल गेला. आई पहिले पंधरा दिवस बाहेरच्या कट्ट्यावर बसून होती. तिसऱ्या आठवड्यात ती ताईंना म्हणाली की घरी निदान तो टीव्ही तरी बघतो. मलाही आतून तसंच वाटत होतं. सांगायला संकोच वाटतो, पण एका संध्याकाळी मी त्याच्या हातात रंगपेटी देऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर बसवलं आणि म्हटलं, "काढ की दादा काहीतरी, ताईंना दाखवू." त्याने पेटी बंद केली आणि माझ्याकडे परत दिली.

मे महिन्यात ताईंना मी सरळच विचारलं की किती दिवस थांबायचं. त्यांनी मला जुडिथ स्कॉटची हकिगत सांगितली. ही अमेरिकन बाई, डाऊन सिंड्रोम असलेली, ऐकू न येणारी. लहानपणी संस्थेत टाकलेली, पस्तीस वर्षं तिथेच राहिलेली. तिच्या जुळ्या बहिणीने तिला बाहेर काढलं, तिची कायदेशीर पालक झाली, आणि १९८७ मध्ये ओकलंडच्या एका कला-केंद्रात तिला घातलं. 'क्रिएटिव्ह ग्रोथ' त्याचं नाव, १९७४ पासून दिव्यांग कलाकारांसाठी चालणारं. तिथे जवळजवळ दोन वर्षं जुडिथचं मन कशातच रमलं नाही. मग एकदा तिने धागा हातात घेतला आणि मिळेल त्या वस्तूभोवती गुंडाळायला लागली. २००५ मध्ये वारली तोपर्यंत ती ते करत राहिली, आणि आज तिची कामं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. ताई म्हणाल्या, "प्रत्येकाची संग्रहालयात जातील असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षं तिला कुणी उठवलं नाही, एवढं लक्षात ठेवा." माझ्या मनात मात्र ती बहीण राहिली. त्याच आठवड्यात पालकत्वाचा अर्ज माझ्या टेबलावर पडून होता.

त्याबद्दल इथे सांगते. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आईवडीलही आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. हे आमच्या घरात तेवीस वर्षं कुणाला माहीत नव्हतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. अर्जाबरोबर दादाचं प्रमाणपत्र, त्याचा आणि माझा वयाचा व पत्त्याचा पुरावा, दोघांचे फोटो, आणि आईचं संमतिपत्र दिलं. भावंडं जास्त असतील तर त्यांच्या ना-हरकती आधीच घेऊन ठेवा. समितीची फी काही नाही. झेरॉक्स, नोटरी आणि हेलपाटे मिळून आमचे अकराशेच्या आसपास गेले. २६ मे २०२५ ला अर्ज दिला, पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. ऑगस्टमध्ये दोनदा चौकशीला गेले तेव्हा फाईल सापडत नव्हती, आणि त्या पोचेच्या क्रमांकामुळेच सापडली.

दादा जून महिन्यात उठला.

कोल्हापुरात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोनदा येतो, आधी कर्नाटकी आणि मग महाराष्ट्रीय. त्या दिवसांत बाजारात मातीच्या बैलजोड्या येतात. आमच्याकडे बाबा दर बेंदराला जोडी आणायचे आणि दादा ती दिवाळीपर्यंत उशाशी ठेवायचा. कुंभारमामांनी त्या सकाळी बैल करायला घेतले. ताई सांगतात, दादा डबा खुर्चीवर ठेवून मामांच्या समोर जाऊन मांडी घालून बसला. मामांनी त्याच्याकडे बघितलंही नाही, नुसता मळलेल्या मातीचा एक गोळा त्याच्या बाजूला सरकवला.

मी ते काम नंतर एका शनिवारी दाराआडून पाहिलं. तो आधी लांबट गोळा करतो. मग चारही बाजूंनी माती चिमटीत धरून खाली ओढतो, आखूड पाय येतात. शिंगांना फार वेळ लागतो, कारण त्याची बोटं जाड आहेत आणि तो दोन्ही शिंगं सारखी झाल्याशिवाय सोडत नाही. सगळ्यात शेवटी मानेमागे मातीचा छोटा गोळा ठेवतो आणि अंगठ्याने तीनदा दाबतो. ते वशिंड. दाबताना जीभ बाहेर येते, श्वास मोठ्याने ऐकू येतो. प्रत्येक बैलाच्या वशिंडावर त्याच्या अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या असतात. ताईंनी त्या पुसल्या नाहीत, वर रंगही दिला नाही, नुसता गेरूचा पातळ हात दिला.

जुलैत पहिली भट्टी लावली. दादाचे सहा बैल होते, चार फुटले. पोट भरीव होतं आणि पावसाळी हवेत आतला ओलावा सुकला नव्हता, त्याची वाफ झाली आणि माती तडकली. मला वाटलं, आता हा पुन्हा खुर्चीवर जाऊन बसेल. त्याने तुकडे गोळा करून पिशवीत घरी आणले, आईच्या तुळशीवृंदावनात मांडले, आणि दुसऱ्या दिवशी निघताना दारात म्हणाला, "कामाला." त्याने हा शब्द स्वतःसाठी वापरल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आई स्वयंपाकघरात होती. तिने गॅस बंद केला आणि बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिली.

कुंभारमामांनी मग त्याला पोट पोकळ करायला दाखवलं, दाखवलं म्हणजे स्वतःचा बैल त्याच्यासमोर उलटा धरून आतली माती चमच्याने काढली. शिकायला दादाला तीन आठवडे लागले. गणपतीच्या दिवसांत मामा येऊ शकत नव्हते, तेव्हा मळलेली माती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं काम त्याच्याकडे आलं. ते तो आजही करतो, आणि दुसऱ्या कुणी केलं तर चिडतो.

सगळं गोड झालं असं नाही. सप्टेंबरात एकदा त्याने शेजारच्या काकांच्या चित्रावर माती फेकली, कारण त्यांनी त्याचा बैल हातात घेऊन गंमतीने 'डुक्कर' म्हटलं होतं. ताईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. काकांनी माफी मागितली, दादाने मागितली नाही. आठ दिवसांनी काकांच्या टेबलावर एक बैल ठेवलेला होता. पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला आणि पंधरा दिवस घरी राहावं लागलं, तेव्हा तो आईशी बोलेनासा झाला. डाऊन सिंड्रोममध्ये छातीचे आजार आणि थायरॉईड यांवर लक्ष ठेवावं लागतं. वर्षातून एकदा थायरॉईडची रक्ततपासणी चुकवू नका. आम्ही चुकवली होती, आणि त्याचं सुस्त बसणं काही अंशी त्यामुळेही होतं हे ऑगस्टमध्ये कळलं.

२९ ऑगस्टला घरभेट झाली. समितीवर दिव्यांग क्षेत्रातल्या संस्थेचे एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग सदस्य असतात. आमच्याकडे दोघंही आले. त्यांनी दादाची खोली बघितली, त्याला विचारलं, "बहीण आवडते का?" दादा म्हणाला, "ओरडते." माझ्या पोटात गोळा आला. पण त्यांनी हसून पुढचं विचारलं, आणि तो त्यांना बैल दाखवायला घेऊन गेला. ऑक्टोबरमध्ये समितीची बैठक झाली. १४ नोव्हेंबरला पालकत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं. अर्जापासून साडेपाच महिने.

ते प्रमाणपत्र बँकेत चालतं. त्यावर दादाच्या नावाचं खातं उघडलं. बाबांच्या पेन्शनच्या कागदांतही त्याच्या नावाची नोंद तपासली. आईवडील सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असतील तर दिव्यांग मुलाला पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण नोंद वेळेत हवी. आई-बाबा हयात असतानाच हे करून घ्या. नंतर एकेका कागदासाठी फार धावावं लागतं.

खातं उघडलं तेव्हा त्यात टाकायला पैसे होते. दिवाळीच्या आधी कार्यशाळेने चौकातच दोन दिवसांची विक्री लावली होती. दादाचे तेवीस बैल प्रत्येकी १५० रुपयांना गेले. त्याच्या अर्ध्या वाट्याचे १,७२५ झाले, आणि पणत्या रंगवण्याचे ५८५. ताईंनी ते पाकिटात घालून त्याच्याच हातात दिले होते. त्याने पाकीट उघडलं नाही. शर्टाच्या खिशात ठेवून झोपला, आणि महिनाभर रोज कपडे बदलताना एका खिशातून काढून दुसऱ्यात घालत होता. बँकेत स्लिपवर त्याचा अंगठा घेतला तेव्हा त्याने शाईत बुडवलेला अंगठा कागदावर तीनदा दाबला. कॅशियरबाईंनी दुसरी स्लिप दिली.

पालक नेमल्यावर सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, आणि पुढे दरवर्षी हिशोब. हे प्रमाणपत्र देताना तोंडी कुणी सांगेलच असं नाही, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आम्ही परवा, १२ जानेवारीला यादी घेऊन गेलो. दादाला सोबत नेलं होतं. मी लिहिलं होतं: राहत्या घरातला एक तृतीयांश हिस्सा, वडिलोपार्जित. बचत खात्यात रुपये २,३१०.

तिथले कारकून वयस्कर होते. चष्म्यातून वर बघत म्हणाले, "घराचं कळलं. हे दोन हजार तीनशे दहा कुठले? तुम्ही टाकलेत?"

मी सांगायच्या आत दादा म्हणाला, "माझे. कामाचे."

त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मग तसं लिहा की पुढं. स्वकष्टार्जित."

मी लिहिलं. दादाने खाली अंगठा दिला, मी सही केली, पोच घेतली. बाहेर आल्यावर त्याने माझ्या पिशवीतून स्वतःचा डबा काढून घेतला. साडेअकरा वाजून गेले होते आणि गोणपाटातली माती कुणी भिजवली असेल की नाही याची त्याला काळजी लागली होती.